पान सतरावरचं मत

मित्रांनो, मी रॉक संगीताच्या एका मासिकाचा जुना अंक आहे. माझ्या पोटात अकरा रेकॉर्डची परीक्षणं आहेत, पण त्यांतलं एकही गाणं मी ऐकलेलं नव्हतं. छापखान्याचा खडखडाट आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांची बडबड, एवढंच काय ते माझ्या कानी पडलं होतं.

माझ्या जन्माच्या वेळीच वाद झाला. पान सतराचा कच्चा छाप हातात धरून संपादक समीक्षकाला म्हणाले, "अहो, या बँडच्या पोरांची पहिलीच रेकॉर्ड आहे. जरा सांभाळून लिहा."

"चार वेळा ऐकून लिहिलंय," समीक्षक म्हणाला. "सांभाळून लिहायचं तर जाहिरातच छापा की."

मजकूर तसाच राहिला. 'हा ड्रमर प्रत्येक ठोक्याआधी परवानगी मागतो. घाबरट माणसाने ड्रम वाजवू नयेत.'

मी हातोहात खपलो. कुणी त्या समीक्षकाला डोक्यावर घेतलं, कुणी शिव्या घातल्या, पण वाचल्याशिवाय कुणी राहिलं नाही. माझ्यातली गुळमुळीत स्तुतीची पानं मात्र कुणी दुसऱ्यांदा उघडली नाहीत. असं का होतं, याचं मला आजही नवल वाटतं.

मला विकत घेणाऱ्यांत तो ड्रमरही होता. त्याने पान सतरा वाचलं, बँड सोडला आणि मला त्या रेकॉर्डशेजारी कपाटात ठेवलं. मग तीस वर्षं तो अधूनमधून मला काढायचा, तेवढंच पान वाचायचा आणि परत ठेवायचा. रेकॉर्डला त्याने कधी हात लावला नाही. ती माझ्या अंगाला खेटून मुकी पडलेली. तिच्यात नेमकं आहे तरी काय, या विचारानेच मी पिवळा पडलो असेन.

परवा त्याची मुलगी कपाट आवरत होती. मला रद्दीत टाकता टाकता तिने पान उलटलं आणि ती तिथेच फरशीवर बसली.

"बाबा, हे तुझ्याबद्दल लिहिलंय?"

"टाकून दे ते."

"देते. पण आधी रेकॉर्ड लाव. इतकं वाईट वाजवायचास तू?"

"नको म्हटलं ना."

"मग तो म्हणतो ते खरंच असणार."

हे त्याला झोंबलं. तो उठला आणि त्याने रेकॉर्ड लावली. मुलगी मला मांडीवर उघडून ऐकू लागली. मीही ऐकू लागलो.

"बाबा, या तिसऱ्या गाण्यात खरंच घाबरलायस."

"हो. प्रत्येक ठोक्याआधी बाकीच्यांकडे बघत होतो."

पाचव्या गाण्याला त्याची बोटं आपसूक गुडघ्यावर चालू लागली. मुलगी बघतच राहिली. "हे तर जबरदस्त आहे," ती म्हणाली. त्याने पेन्सिल शोधली आणि माझ्या समासात लिहिलं, 'तिसऱ्याबद्दल मान्य. पाचवं पुन्हा ऐका.'

मला विचाराल तर, चार वेळा ऐकूनही समीक्षकाने पाचवं घाईतच ऐकलं होतं.

मित्रांनो, मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपू नका. आधी गाणं ऐका, मग माझ्याशी खुशाल भांडा. त्या माणसाने तीस वर्षं माझंच खरं मानलं आणि स्वतःचं गाणं ऐकलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.