पितळेची टिप

व्हर्लीनला रीत म्हणून नव्हती. आईसमोर कागद सरकवायचा तर निदान तोंडाकडे बघावं, ही पोरगी च्युइंगगम चघळत भिंतीकडे बघून म्हणाली, "सही कर मम्मा, मला कामं आहेत."

"कसली सही?"

"नेहमीचीच. टिपांची."

ओडेलने सही ठोकली. चार इयत्ता शिकलेल्या बाईला नाव तेवढं झोकात काढता येत होतं. अमेरिकन फौजेच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात ती एकोणीस वर्षं ताटं वाढत होती, आणि आता पोटची पोर तिच्यावर मुकादम होती. चर्चच्या पायरीवर हे ती चार बायकांना ऐकू जाईल असं सांगायची.

जागा सरकारी, म्हणून भोजनगृह चालवणाऱ्या ठेकेदाराने सरकारी दराने मजुरी द्यायची. वाढपिणींना तो हातात कमी देई. उरलेलं टिपांतून निघावं, न निघालं तर त्याने भरावं. एवढा साधा कायदा ओडेलला कळला मे महिन्यातल्या एका मंगळवारी, मजुरी खात्याची तपासनीस बाई आल्यावर.

"मिस ओडेल, मार्चमध्ये तुम्हाला सहाशे चाळीस डॉलर टिप मिळाली, असं तुम्ही सही केलेल्या कागदावर लिहिलंय."

ओडेल हसणार होती, तेवढ्यात तिला तो आकडा उमगला. मार्चमध्ये एक पलटण परदेशी निघाली होती. खूश झालेला अधिकारी हात मिळवताना तळव्यात पलटणीचं पितळी नाणं सरकवतो, ही फौजेची रीत. मानाचं नाणं, त्याने पावाचा तुकडाही येत नाही. निरोपाच्या जेवणात ओडेलला अशी बत्तीस मिळाली होती. एकेक तिने व्हर्लीनच्या नाकासमोर नाचवलं होतं. "बघ, कर्नलने दिलं!" आणि पोरीने विचारलं होतं, "बाजारात वीस डॉलरला जात असेल, नाही?"

बत्तीस वेळा वीस. हा हिशोब करायला शाळा लागत नाही.

त्याच मार्चमध्ये पैसे पुरेनात म्हणून ओडेल साखरेच्या दुखण्याचं इंजेक्शन अर्धंच टोचत होती. एप्रिलमध्ये डॉक्टरने डाव्या पायाची दोन बोटं कापली. दवाखान्यात पिशवी धरून व्हर्लीनच बसली होती. रडलीही होती.

"मिळाली नसेल तर सांगा," तपासनीस बाई म्हणाली. "ठेकेदाराला सगळं भरून द्यावं लागेल. हे लिहिणाऱ्याची नोकरी मात्र जाईल."

काचेपलीकडे व्हर्लीनचा जबडा थांबला होता.

"मिळाली," ओडेल म्हणाली. "साहेब लोक दिलदार आहेत."

"नक्की?"

"मला खोटारडी म्हणतेस, बाई?"

रविवारी व्हर्लीन केक घेऊन आली. टेबलावर तळलेली कोंबडी होती, पालेभाजी, मक्याचा गरम पाव.

"मम्मा, वाचवलंस गं. वरूनच सांगितलं होतं मला. लिहिलं नसतं तर माझी जागा गेली असती. आणि तुला काय कमी आहे, मी आहे ना?"

"बस."

ओडेलने आपलं ताट भरून घेतलं. मग फळीवरची शेंगदाण्यांची बरणी काढली आणि व्हर्लीनच्या रिकाम्या ताटात उपडी केली. नाण्यांवरचे गरुड, वाघ, तलवारी खणखणत पडल्या. एक नाणं टेबलाखाली घरंगळलं. कुणी वाकलं नाही.

"हे काय, मम्मा?"

ओडेल लंगडत खुर्चीपाशी गेली, बसली, डोळे मिटून तिने देवाचे आभार मानले. मग चमचा उचलला.

"जेव. मंगळवारी माझ्या पोरीसाठी खोटं बोलले. तेवढंच मी तिचं देणं लागत होते. आता मला पोर नाही. तू मुकादम आहेस, पोटभर खा, आणि जाताना ताट धुऊन ठेव."