निरोप्याच्या माथी खापर

मित्रांनो, जरा वर बघा. पंख्याकडे नको, त्याच्या बाजूला. छताला चिकटलेला, कडेने पिवळा पडलेला चौकोनी डबा दिसतोय ना? तो मी. मी एक जुना वायफायचा डबा आहे आणि प्रसूतीच्या रुग्णालयात वरच्या मजल्यावर राहतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. मला इथे बसवलं त्या दिवशी नर्सबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या, कारण तोवर एकेका रिपोर्टसाठी त्यांना जिने चढावे-उतरावे लागत. पुढे सवय झाली आणि कौतुक सरलं. मी नीट चालतो तोवर माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. काही अडलं की मात्र सगळ्यांच्या माना एकदम वर होतात. वाईट वाटतं थोडं. पण ‘मुलगी झाली’, ‘नाक अगदी आजोबांचं आहे’ असले निरोप दिवसभर पोचवायला मिळत असतील, तर रुसून कोण बसेल?

मी निरोप्याच. कोणी नेटवर्कच्या आत येऊ पाहिलं की त्याचा निरोप मी खालच्या सर्व्हरकडे नेतो. सर्व्हर म्हणजे आमचा रखवालदार. त्याचे नियम पक्के: डॉक्टरांच्या यंत्रांना रुग्णांची माहिती, वॉर्डातल्या टॅबलेटना बाळांच्या खोलीतला कॅमेरा, पाहुण्यांना फक्त बाहेरचं जग. गंमत म्हणजे या रखवालदारालाही आपलं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्याला म्हणतात सर्टिफिकेट. ते नसतं तर कोणीही भामटा रखवालदाराचा वेश घालून दारात उभा राहिला असता.

एका सकाळी खिडकीजवळच्या खाटेवरची आई टॅबलेट घेऊन बसली होती. तिची मुलगी वेळेआधी जन्मलेली, म्हणून खालच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. आईचं ऑपरेशन झालेलं, उठायला मनाई. नवऱ्याने आणलेले फोटो तिने पाहिले होते, पण तिचं समाधान होईना. ‘फोटोत ती हलत नाही ना,’ असं ती नर्सला म्हणाली होती. आज कॅमेऱ्यातून लेक दिसणार म्हणून तिने केससुद्धा विंचरून घेतले होते, जणू लेकच तिला बघणार होती.

टॅबलेट जोडलाच जाईना. नर्सने दुसरा आणला, तोही तसाच. मग रुग्णालयाचे व्यवस्थापक आले. सगळे त्यांना सर म्हणतात.

“माझा फोन तर मस्त चालतोय,” सर म्हणाले. “हा डबाच म्हातारा झालाय. काढून टाका.”

बरोबर माझ्याखाली उभं राहून, माझ्याच जिवावर चालणारा फोन दाखवत ते हे म्हणत होते. मला तोंड असतं तर मी काही सुनावलं असतं.

नेटवर्क सांभाळणाऱ्या मॅडम शिडी घेऊन आल्या. त्यांनी आधी लॅपटॉपवर रखवालदाराचे नियम तपासले. टॅबलेटचा नियम होता तसाच होता. “म्हणजे ओळखपत्र तपासतानाच काहीतरी अडतंय,” त्या म्हणाल्या.

“मग ती ओळखपत्राची भानगडच बंद करा ना,” सर म्हणाले. “त्या बाई केव्हाच्या खोळंबल्यात.”

“तसं केलं तर उद्या कोणीही ‘मीच सर्व्हर’ म्हणेल, आणि टॅबलेट त्याच्या हातात किल्ल्या देतील. बाळांच्या खोलीच्या, सर.”

खाटेवरच्या आईने हे ऐकलं. “लागू दे वेळ, मॅडम,” ती म्हणाली. “कुलूप काढू नका.”

मॅडम सरांकडे वळल्या. “सर, सकाळी तुमच्या फोनने काही विचारलं होतं का?”

“विचारलं होतं खरं. या सर्व्हरवर विश्वास आहे का, असं काहीतरी. मी आपलं ‘हो’ दाबलं.”

“वाचलं नाहीत?”

“ते कोण वाचतं?”

मॅडमना हसू फुटलं. “मग सापडलं. काल आपण सर्व्हरचं सर्टिफिकेट बदललं, देणारी संस्थाही नवी. तुमच्या फोनने तुम्हाला विचारलं. टॅबलेटना मात्र आपणच बजावून ठेवलंय, कोणाला विचारू नका, अनोळखी दिसला की मागे फिरा. ते बिचारे मुकाट्याने मागे फिरतायत.”

म्हणजे रखवालदार टॅबलेटला अडवत नव्हता. टॅबलेटलाच रखवालदार ओळखू येत नव्हता. दोघांपैकी कोणाचंच चुकलं नव्हतं, आणि खापर मात्र निरोप्याच्या माथी.

मॅडमनी टॅबलेट वायरने आपल्या लॅपटॉपला जोडला आणि नव्या संस्थेची ओळख त्यात भरली. मी पुन्हा निरोप घेऊन धावलो. रखवालदाराने ओळखपत्र दाखवलं, टॅबलेटला ते पटलं. टॅबलेटने आपलं दाखवलं, रखवालदाराने नियम पाहिला आणि दार उघडलं.

पडद्यावर एक भलामोठा कान आला. बाळाचे बाबा पेटीवर वाकले होते.

“अहो, बाजूला व्हा ना,” आई म्हणाली. त्यांना ऐकू जाणार नव्हतं, तरी ते नेमके तेव्हाच सरकले. मागे एक इवलीशी मूठ उघडली, मिटली. मग जांभई. आई हसत होती, रडत होती. नर्सचेही डोळे भरून आले. मला तर इतका आनंद झाला की एवढ्याशा जांभईसाठी जन्मभर लटकत राहायची माझी तयारी झाली. सरांनी स्वतः शिडी धरली, आणि मॅडमनी माझ्यावरची धूळ पुसली.

मित्रांनो, काही अडलं तर समोर दिसेल त्याला दोष देऊ नका, दोन्ही बाजूंना विचारा. यंत्राने काही विचारलं तर ‘हो’ म्हणण्याआधी वाचा. आणि कधीमधी आमच्यावरून फडकं फिरवत जा.

घरी जायच्या दिवशी ती आई लेकीला कुशीत घेऊन माझ्याखाली थांबली. “तो बघ,” ती लेकीला म्हणाली, “त्याच्यातून तू मला पहिल्यांदा दिसलीस.” दोघींनी वर पाहिलं. काहीही अडलेलं नसताना माझ्याकडे बघणाऱ्या त्या पहिल्याच.