उजवा कौल

कापड्याहून वर चढत आलं की आधी भैरीचा सुळका दिसतो, मग देऊळ, मग आमचं उंबरकोंड, आणि सगळ्यात शेवटी, ओढ्याच्या पलीकडे, आमची बौद्धवाडी. दर चैत्री पुनवेला सुळक्याच्या माथ्यावर निशाण चढतं आणि मगच यात्रा सुरू होते. निशाण चढलं नाही तर पाऊस रुसतो, अशी गावाची समजूत. यंदा पाऊस आधीच रुसून बसला होता, त्यामुळे गावाला निशाणाची जास्तच घाई झाली होती.

आमच्या आजोबांच्या काळी सुळक्यावर पहिला माणूस आमच्या वाडीतला जायचा. दोर नाही, काही नाही. त्याने वाट चाचपायची, सैल दगड ढकलून द्यायचे, मग खाली उतरून बाजूला उभं राहायचं. निशाण घेऊन जाणारे दुसरे. याला गाव मान म्हणायचं. पडायचंच असेल तर आधी तो पडू दे, असा तो मान. धम्म स्वीकारला त्या वर्षी आजोबांनी सांगून टाकलं, हा मान तुमचा तुम्हाला लखलाभ, आणि पुन्हा ते त्या वाटेला गेले नाहीत.

माझा धाकटा भाऊ अश्विन मात्र गेला. तो आयटीआय करून महाडच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागला, बिरवाडीला खोली घेऊन राहतो. तिथल्या पोरांच्या एका गिर्यारोहण मंडळात शिरला आणि त्याला कड्यांचं वेड लागलं. काही वर्षांपूर्वी त्याने गावाला सांगितलं, मी सुळक्यावर बोल्ट मारतो, दोर लावतो, ज्याला यायचं त्याने या. तेव्हापासून गुरवापासून आमच्या वाडीतल्या पोरांपर्यंत सगळे एकाच दोराला धरून वर जायला लागले. मानकरी चांगूदादांचा रितेश तर अश्विनच्या मागे लागून त्याच्याइतकाच चांगला चढायला शिकला.

आमचे बाबा, श्रीपत, यांना हे कधीच पटलं नाही. कशेडी घाटात दरडी उपसण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली, पण त्यांचा राग दगडावर नव्हता. तुझ्या आज्याने खाली ठेवलेलं ओझं तू आपणहून उचललंस, असं ते अश्विनला म्हणायचे. अश्विन हसायचा. आज्याला पाठवायचे, मी माझ्या मर्जीने जातो, आणि अख्खं गाव माझ्या दोरावर असतं, हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी पोलादपूरला शाळेत शिकवते. या वादात मी अश्विनच्या बाजूची होते. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

यंदा पाऊस गणपतीतच निघून गेला. परतीचा आलाच नाही, थंडीत दव पडलं नाही, ओढा पौषातच आटला. यात्रेच्या आधीच्या रविवारी अश्विन मंडळातल्या एका मित्राला घेऊन सुळका बघून आला आणि माझ्याकडे जेवायला थांबला तेव्हा त्याच्या तोंडावर नेहमीची थट्टा नव्हती. त्याने मला समजावून सांगितलं. कातळाला काही झालेलं नाही, बोल्ट जागेवर आहेत. पण कातळाच्या पायथ्याला जी उभी घळ आहे ती म्हणजे नुसती माती, गवत आणि मातीत रुतलेले दगड. मातीत ओल असते, गवताची मुळं ती धरून ठेवतात, म्हणून दगड बसून राहतात. आता मातीचा भुगा झालाय, गवत धरलं तर मुळासकट हातात येतंय. एका मागोमाग एक माणसं चढली तर वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात बसणार. माथ्यावरचं पाण्याचं टाकं, जे वैशाखातसुद्धा कधी आटत नाही, त्याच्या तळाला भेगा पडल्यात.

त्याने गावाला सांगितलं की यंदा निशाण देवळाशीच लावा. कुणाला बघायचं असेल तर दाखवता यावं म्हणून दोर त्याने माथ्यापासून घळीपर्यंत लटकता ठेवला होता. बघायला कुणी गेलं नाही. चांगूदादा म्हणाले, देवाला विचारू.

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून भैरीच्या पाषाणाला चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे. मग गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एरवी पाय आखडेपर्यंत बसावं लागतं. यंदा गुरवाचं गाऱ्हाणं अर्ध्यावर होतं तोच उजवी पाकळी टपकन पडली. सकाळचं ऊन दारातून नेमकं त्याच अंगावर पडत होतं. रोकडा कौल, म्हणून माणसं खूश झाली.

अश्विन उंबऱ्याबाहेर उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "पाकळी वाळली म्हणून पडली. ओली करून लावलेली पाकळी दगडावर टिकत नाय, आणि त्या मातीत दगड टिकतील म्हणता?"

कुणी चिडलं नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. चांगूदादा उठून त्याच्याजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू म्हणतोस तर गाव वर नाय येणार. पोरंबाळं हायत. तू एकटाच जा निशाण घेऊन. तुला वाट ठाव हाय रे."

आणि मग शाल, नारळ, टाळ्या. बघा कसं असतं. क्षणापूर्वी देवाने साऱ्या गावाला होकार दिला होता. आता त्याची वाटणी झाली. रितेशच्या वाट्याला अश्विनचा सल्ला आला, आणि अश्विनच्या वाट्याला देवाचा कौल. गावाने हे काही ठरवून केलं असं मला वाटत नाही. ते त्यांना न ठरवताच येतं, आणि मला संताप येतो तो याचाच.

अश्विन कबूल झाला. त्याचं म्हणणं, एकट्याने गेलं तर डोक्यावर दगड पाडायला वर कुणी नसतं, दोरही लावलेला आहे. गिर्यारोहक म्हणून त्यात काही चूक नव्हती. पाऊस पुन्हा हुकला तर बौद्धवाडीने निशाण अडवलं असं होईल, हेही त्याच्या मनात होतंच. संध्याकाळी बाबांनी त्याला एवढंच विचारलं की आधी जाणारा तू आणि खाली थांबणारे ते, मग आज्याच्या वेळेपेक्षा बदललं काय? मी माझ्या मर्जीने जातोय, असं तो म्हणाला. पण या खेपेला तो हसला नाही. त्याने गावाला एकच अट घातली: सगळ्यांनी देवळापाशीच थांबायचं आणि एकही फटाका लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुनवेच्या सकाळी तो वर गेला. मी देवळाच्या पाराशी उभी राहून बघत होते. घळीत त्याच्या पायाखालून धूळ आणि दगड सुटत होते, पण खाली कुणी नव्हतं. कातळ त्याने सफाईने पार केला. माथ्यावर निशाण लावलं की टाक्यातल्या पाण्याने त्याचे पाय धुवायची रीत आहे. टाकं कोरडं, म्हणून त्याने आपल्या बाटलीतलं पाणी निशाणाच्या काठीवर ओतलं. काम अंगावर घेतलं की अर्धं सोडायचं नाही, हा त्याचा लहानपणापासूनचा दुर्गुण. खालून गुलाल उडाला.

आणि मग बार झाला. निशाण दिसलं की पहिला बार मानकऱ्याच्या घराचा, ही पिढ्यांची पद्धत. गाव गप्प बसलं, पण चांगूदादांना राहवलं नाही. एकच, मानाचा, म्हणत त्यांनी सुतळी बॉम्ब पेटवला. त्याच्या कागदाचा एक जळता तुकडा गवतात पडला.

त्या गवताला ठिणगीचीच वाट होती. डोंगराला आग लागली की आमच्याकडे ओल्या फांद्या तोडून झोडपतात. यंदा ओली फांदी आणणार कुठून? पोरं पळाली, पायताणं आणि पोत्यांनी आग झोडपू लागली, पण वारा वरच्या दिशेने होता. बघता बघता आग घळीत शिरली आणि कातळाला जाऊन भिडली. अश्विन उघड्या खडकावर होता, त्याला ज्वाळा लागल्या नाहीत. आग विझल्यावर त्याचा फोन आला की दोर खालून जळालाय, अर्धाच लटकतोय. मी बिरवाडीला मंडळाच्या पोरांना फोन केला. ते दुसरे दोर घेऊन निघाले, पण बिरवाडी काय उशाशी नाही.

ऊन डोक्यावर आलं. माथ्यावर सावली नाही. एरवी टाक्याच्या काठाला बसून माणूस दिवस काढू शकला असता. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्याची जीभ जड झाली होती. पोरं निघालीयत, तोवर हलू नकोस, हे माझं सगळं त्याने ऐकून घेतलं.

"ताई, डोकं गरगरतंय. हात चालतायत तोवर उतरतो. नंतर जमणार नाय."

दोर संपला तिथपर्यंत तो दोरावर आला. पुढचा कातळ त्याने हाता-पायांवर उतरला. इतकं सुंदर चढणं-उतरणं मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि मला ते पुन्हा बघायचं नाही. कातळ संपला, घळ सुरू झाली. तिथे आता गवतसुद्धा नव्हतं, नुसती राख आणि भुसभुशीत माती. त्याने एका मोठ्या दगडावर भार टाकला आणि दगड त्याला घेऊनच खाली आला.

रितेश आणि आमच्या वाडीतली पोरं धावली. शिडीवर बांधून त्याला खाली आणलं. पोलादपूरचे महमूदभाई पिकअपमध्ये यात्रेसाठी पाण्याची पिंपं घेऊन आले होते. अश्विनला गाडीत घालायचं म्हटल्यावर मागून कुणीतरी बोललं की पिंपं सांडू नका, महाप्रसादाचं पाणी हाय. महमूदभाईंनी त्या माणसाकडे पाहिलंसुद्धा नाही. फळका उघडला आणि पिंपं लोटून दिली.

महाडच्या दवाखान्यात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन चालेल, चढणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. अश्विनने ते ऐकलं आणि मान हलवली. बाबा दिवसभर त्याच्या उशाशी बसून असायचे. मी सांगितलं होतं, हे शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नाहीत. बिचाऱ्यांना बरोबर ठरायचं नव्हतंच.

पंधरवड्याने चांगूदादा भेटायला आले. बरोबर गुरव आणि रितेश, हातात सफरचंदांची पिशवी. चांगूदादांना वाईट वाटलं होतं, डोळ्यांत पाणीही होतं. फटाक्याचं नाव त्यांनी काढलं नाही. देवाचा कौल खरा झाला, निशाण चढलं, असं ते म्हणाले, आणि गुरवाने मान डोलावली. कौल निशाणाचा लावला होता. उतरणाऱ्याचं काय, हे देवाला कुणी विचारलंच नव्हतं. मी बोलणार होते, पण अश्विनने माझा हात दाबला. त्याला त्यांना दुखवायचं नव्हतं.

मग चांगूदादा खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "पुढल्या सालचं बघायला हवं रे. तुमच्या वाडीतला कोण तयार करतोस?"

अश्विनला पहिल्यांदा प्रश्न कळलाच नाही. मग तो उत्साहाने म्हणाला, "वाडीतला कशाला? रितेश तयार हाय की. माझ्याएवढाच चढतो. त्याला पाठवा."

रितेशचा चेहरा उजळला. तो एक पाऊल पुढेसुद्धा आला. चांगूदादांनी त्याचं मनगट धरून त्याला मागे घेतलं आणि हसले.

"छे रे, तो कसा? एकुलता हाय तो."

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. लहान मुलाला समजावावं तसं ते बोलले. आमच्याही घरात मुलगा एकच आहे आणि तो त्यांच्या पुढ्यात पाय बांधून पडला आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. रितेशच्या ते ध्यानात आलं. त्याने मान खाली घातली.

अश्विनने चांगूदादांनी धरलेल्या त्या मनगटाकडे पाहिलं. मग त्याने बाबांकडे पाहिलं.

"बाबा," तो म्हणाला, "ह्यांना बाहेर सोडून या."

बाबा उठले. त्यांनी दार उघडलं आणि तिघेही बाहेर पडेपर्यंत ते धरून उभे राहिले. मग दार लागलं, आणि पडल्या दिवसापासून एकदाही न रडलेला माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.