तेल कुठे गेलं

मिस्त्रीने ट्रॅक्टरच्या पंपावरची घाण पटाशीने खरवडली आणि त्याला मळमळलं. कोंबडीखत, चिखल आणि कुजका पाला यांचा इंचभर जाड लगदा बसला होता. वास असा, की सकाळचा चहा घशाशी आला. हा छोटा ट्रॅक्टर रोपवाटिकेत दिवसभर खत वाहायचा, पण त्याच्यावर पाणी मारायचं कुणाच्या बापाला सुचत नव्हतं.

"आंघोळ घाला हो याला कधीतरी!" मिस्त्री ओरडला.

मालक चार हात लांब उभा होता, नाकाला रुमाल लावून. स्वतःच्याच खताचा वास सोसेना त्याला!

खरं तर मिस्त्रीला या आवारात पाऊलही टाकायचं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी तो इथेच आला होता. ओझं उचलणाऱ्या हायड्रॉलिक पंपाचं तेल सारखं कमी होतंय, अशी तक्रार होती. त्या दिवशी अंगात नवा शर्ट, म्हणून गुडघे न टेकता त्याने वरवर वाकून पाहिलं. नळ्या कोरड्या, खालची फरशी कोरडी ठणठणीत. दहा-बारा माणसं टेम्पोत रोपं भरत होती. त्यांच्यादेखत तो ऐटीत म्हणाला, "तेल काय उडून जातंय? कुणीतरी काढतंय."

किल्ली एकट्या ड्रायव्हरकडे असायची. आणि ड्रायव्हर कोण, तर मिस्त्रीच्याच बायकोचा धाकटा भाऊ. मग तर मिस्त्रीला आणखीच जोर चढला. सख्खा मेहुणा असला तरी पाठीशी घालणार नाही, असंही त्याने ऐकवलं. मालकाने मेहुण्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. तेलचोर हे नाव असं चिकटलं की गावात कुणी त्याला साधी हातगाडीसुद्धा ढकलायला देईना. बायको तेव्हापासून मिस्त्रीला ताट वाढायची, पण तोंडातून शब्द काढत नव्हती.

"किल्ली आता कुणाकडे असते?" त्याने मालकाला विचारलं.

"माझ्या खिशात. त्याला काढल्यापासून."

"मग तेल?"

मालक जरा घुटमळला. "दोनदा ओतलं मीच."

"म्हणजे कमी होतच राहिलं! आणि मला आज बोलावताय?"

"आता इंजिन धूर ओकायला लागलंय ना. काम अडलंय."

चोर घालवला तरी तेल जातंच आहे, हे या माणसाला कधीच कळलं होतं, आणि हा बाबा गुपचूप डबे ओतत बसला. काय म्हणावं असल्या माणसाला! मिस्त्री बाजूला जाऊन थुंकून आला.

मग त्याने इंजिनाचं तेल मोजायची पट्टी उपसली. तेल खुणेच्या दोन बोटं वर होतं. इंजिनातलं तेल कधी आपोआप वाढतं का? त्याने बोल्ट सोडवले, पंप ओढून काढला. पंपाचा दांडा इंजिनात शिरतो तिथे रबराची एक चकती असते, सील म्हणतात तिला. इकडचं तेल तिकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती कडक होऊन अर्ध्यावर फाटली होती. पंपातलं सगळं तेल तिथून इंजिनाच्या पोटात जात होतं, मग फरशीवर थेंब कुठून पडणार?

पट्टी उपसायला अर्धं मिनिट लागतं. दोन महिन्यांपूर्वी ती त्याच्या हाताशीच होती. एका शर्टापायी! त्याला आता त्या लगद्यापेक्षा स्वतःचीच घाण वाटायला लागली.

दुपारपर्यंत त्याने नवं सील बसवलं, पंप डिझेलने धुऊन चढवला, दोन्हीकडचं तेल बदललं. इंजिन सुरू केलं. थोड्या वेळाने धूर निवळला आणि खताने भरलेलं पुढचं लोखंडी खोरं अलगद वर उचललं गेलं.

"म्हणजे चोरी नव्हतीच तर," मालक म्हणाला.

"नव्हती."

"मग पाठवा त्याला सोमवारपासून. लोकांना सांगू, मालकाने माफ केलं."

आणि लाज वाटते सांगायला, पण मिस्त्रीला क्षणभर ते पटलं. मेहुण्याला काम मिळेल, बायको बोलेल, आपलीही झाकली मूठ राहील. मग त्या विचाराचीच त्याला किळस आली आणि तो तडक मेहुण्याच्या खोलीकडे निघाला.

मेहुणा खोलीत एकटाच स्टोव्हला पिन मारत बसला होता. मिस्त्रीने फाटलेलं सील त्याच्यापुढे धरलं. "चूक माझी होती. मी इंजिन बघितलंच नाही."

मेहुण्याने सीलला हात लावला नाही. "दाजी, मी चोर नाही हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मला काय दाखवताय? ज्यांना सांगितलंत त्यांना दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरायच्या वेळी मिस्त्री आवारात उभा राहिला. सगळे होते. त्याने सील वर धरलं, पंपातलं तेल इंजिनात कसं जात होतं ते सांगितलं, पट्टी न उपसल्याचं सांगितलं, अगदी नव्या शर्टाचंही सांगितलं. "माझ्या मेहुण्याने थेंबभर तेल नेलेलं नाही. मी खोटा पडलो."

कुंड्या उचलणारी म्हातारी हसली. "असू दे रे बाबा. बायकोचा भाऊ आहे, एवढं तर करावंच लागतं."

बाकीचेही हसले. मिस्त्रीचे कान तापले. "अहो मालक, तुम्ही तरी सांगा! त्याला काढल्यावरही तेल जातच होतं ना? किल्ली कुणाच्या खिशात होती तेव्हा?"

मालकाने सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "जाऊ द्या मिस्त्री, झालं गेलं विसरा," तो मऊ आवाजात म्हणाला. "आम्ही माफ केलंय त्याला."

"देवमाणूस आहात, मालक," म्हातारी म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.