राहून गेलेला हेल

सिंचन, रस्ते, रेल्वे आणि कारखाने यांच्यामागोमाग मराठवाड्याचा सौंदर्याचा अनुशेषही आज भरून निघणार आहे, आणि त्या ऐतिहासिक क्षणाचं साक्षीदार व्हायचं भाग्य आपल्या गावाला लाभलं आहे, असं बसलिंगप्पा किराणावाल्यांनी माइकवरून जाहीर केलं आणि लाईट गेली.

आधीचे चार अनुशेष भरले होते असं कुणी समजू नये. बसलिंगप्पांना बोलताना एक ओघ लागतो, आणि ओघात माणूस खरं-खोटं तपासत बसत नाही. दुकानातला इन्व्हर्टर येईपर्यंत ते बिनमाइकचे तसेच बोलत राहिले. ऐकणाऱ्यांना फरक जाणवला नाही.

हे सगळं चाललं होतं नागाबाईच्या अंगणात, निलंग्याच्या अलीकडच्या एका गावात, दिवेलागणीच्या वेळी. टेबलावर बसलिंगप्पांचा मोठा टीव्ही, लिंबाच्या झाडाला भजनी मंडळाचे दोन कर्णे. समोर गावातले बाप्ये आणि पोरंटोरं. बायका घरी चुलीपाशी होत्या. भारताची सुंदरी कुणीही झाली तरी रात्री भाकरी लागतेच. नागाबाई उंबऱ्यावर बसली होती, टीव्हीकडे तोंड पण नजर भलतीकडे.

तिची नात सत्यशीला त्या टीव्हीत होती. नांदेडला औषधशास्त्र शिकणारी पोरगी मैत्रिणीला सोबत म्हणून सौंदर्यस्पर्धेच्या निवडीला गेली. मैत्रीण परत आली, सोबत पुढं गेली. असं करत करत ती मुंबईच्या अंतिम फेरीला पोचली. 'सत्यशीला' हे नाव खांद्यावरच्या पट्ट्यावर मावत नव्हतं म्हणून तिथं तिचं 'सत्या' केलं.

"नाव कापलं," नागाबाई म्हणाली होती. "आता केस कापतेत बघ."

"केस आधीच कापले, मामी," रामकिशन म्हणाला होता. रामकिशन म्हणजे सत्यशीलाचा बाप, नागाबाईचा घरजावई, निलंगा डेपोत कंडक्टर. दिवसभर 'पुढं सरका' म्हणून त्याचे शब्द संपत असावेत. घरी आला की तो अगदी मोजकं आणि बहुधा वाईटच बोले.

सकाळी सत्यशीलाचा फोन आला होता. "आजी, आज मी काय करून दाखवणार हाय ते बघ. आन रागावू नको."

"कामून रागावू?"

"बघ तू आधी," म्हणून तिनं फोन ठेवला.

नागाबाई रडणारी बाई होती. म्हणजे गरीब बिचारी या अर्थानं नव्हे. मयताच्या घरी हेल काढून रडावं तर ते नागाबाईनं, हे आजूबाजूच्या गावांत ठरून गेलेलं होतं. मेलेल्याचं सगळं आयुष्य ती रडण्यात ओवायची. त्यानं लावलेलं आंब्याचं झाड, आवडीचं कालवण, सुनेशी केलेलं भांडण, काही सोडायची नाही. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा ती इतक्या घरांसाठी रडली की पुढं महिनाभर तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. "मरायचंच आसंल तर नागाबाई जिती हाय तवर मरावं," असं म्हातारे मनापासून म्हणत. तिनं यासाठी कधी कुणाचं काही घेतलं नाही. लहानपणी सत्यशीला तिच्याबरोबर जायची आणि पदराखाली बसून ऐकायची.

आणि ही नागाबाई स्वतःच्या एकुलत्या एका लेकीला, अयोध्येला, रडली नव्हती.

अयोध्या करोनात लातूरच्या दवाखान्यात गेली. देह घरी आलाच नाही. रामकिशननं लांबून एक पांढरी पिशवी गाडीत चढवताना बघितली. ती अयोध्येचीच होती हेही त्याला कुणीतरी सांगितलं म्हणून कळलं. गावात गल्लीला बांबू आडवे बांधलेले. शेजारची दानम्मा आपल्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती, तिला अंगणात यायची बंदी. नागाबाईनं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. हेल एकटीला निघत नसतो, त्याला समोर दुसऱ्या बाईचा खांदा लागतो. ती संध्याकाळपर्यंत तोंड उघडून बसली, मग मिटलं. त्यानंतर पाच वर्षांत ती कुणाच्याच मयताला गेली नाही. आपल्या लेकीचं द्यायचं राहिलंय तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं द्यावं, असं तिचं म्हणणं. तालुक्यातले म्हातारे उगीच हळहळले.

महिन्यापूर्वी सत्यशीला घरी आली तेव्हा तिनं विचारलं होतं, "आजी, माझ्या मायला तू कसं रडली आसतीस?"

नागाबाई उठली आणि आधीच झाडलेला गोठा परत झाडायला गेली.

लाईट आली. बसलिंगप्पांनी भाषण आवरतं घेतलं, म्हणजे आणखी थोडंच केलं. टीव्हीवर पोरी एकेक करून आपापली कला दाखवू लागल्या. एकीनं डोळे बांधून वाघ काढला. वाघही डोळे बांधल्यासारखाच होता. एकीनं अंगाची अशी घडी घातली की रामकिशनला एसटीतली शेवटची सीट आठवली. एकीनं सारंगीसारखं काहीतरी वाजवलं आणि वाजवताना हसत राहिली.

"आता आपली!" बसलिंगप्पा ओरडले आणि त्यांनी आवाज शेवटपर्यंत वाढवला.

सत्यशीला आली. झगमगीत झगा, पण डोक्यावरून साधी ओढणी. स्टेजच्या मधोमध ती खाली बसली, मयताच्या घरी बसतात तशी, एक गुडघा वर घेऊन. एक हात कपाळाला लावला. नागाबाईनं उंबऱ्याची कड घट्ट धरली.

"काय सांगू गं माझे माय, तुला न्हाऊ न्हाई घातलं गं...
दारात तिरडी न्हाई, आंगणात बाई न्हाई गं...
पिशवीत घातली माझी अयोध्या माय, तोंड बी दावलं न्हाई गं...
मशिनीवर झंपर तुझा, एक बाही लावायची ऱ्हाईली गं...
दवाखान्यातून फोन केलीस, कुकरची रिंग आणा म्हणलीस गं...
कुणाच्या गळ्यात पडू माय, कुणाच्या गळ्यात पडू गं..."

लिंबावरच्या दोन्ही कर्ण्यांतून तो हेल गावभर गेला, खालच्या आळीपर्यंत. रामकिशननं डोक्यावरची टोपी काढली आणि तिचं काय करावं हे न कळून पुन्हा घातली.

टीव्हीत टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षक बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "किती सुंदर! हे तुमच्याकडे कुठल्या सणाला गातात?"

"सणाला नाही मॅडम," सत्यशीला म्हणाली. "आई गेल्यावर."

परीक्षक बाई हसत होत्या. कॅमेरा त्यांच्यावरच असल्यामुळे त्यांना हसू थांबवता येईना. मग जाहिरात लागली, साबणाची.

"बेष्ट!" बसलिंगप्पा म्हणाले. "मुकुट फिक्स!" पण ओघ काही लागला नाही.

तेवढ्यात फाटकातून दानम्मा आली. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचं पातेलं. मागं गल्लीतली रेणुका, तिच्या मागं नीलाबाई, आणि मग खालच्या आळीच्या बायका, जिच्या हाताला जे लागलं ते घेऊन. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारणी जेवण आणतात. तसं आणलं होतं.

बसलिंगप्पा धावले. "आवो दानम्मा, गैरसमज झाला तुमचा! कोणी मेलं न्हाई! ह्यो टॅलेंट राऊंड हाय!"

"मेलं न्हाई कसं?" दानम्मा म्हणाली. "अयोध्या मेली की."

"आवो, पाच वर्सं झाले त्याला!"

"झाले. तवा बांबू बांधला हुता. तुम्हीच बांधला हुता, आप्पा." ती त्यांना ओलांडून पुढं गेली. "सरका बाजूला, पिठलं निवून ऱ्हायलं."

बसलिंगप्पा बाजूला सरकले. गावाच्या आठवणीत ते पहिल्यांदाच.

दानम्मा उंबऱ्यापाशी बसली. म्हणाली, "नागाक्का, यायचं ऱ्हाईलं हुतं गं."

नागाबाईनं तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. पाच वर्षांपूर्वीसारखंच, काही आलं नाही. रामकिशन तिकडे बघत उभा राहिला. आता हेही राहतंय की काय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग दानम्मानं तिच्या गळ्यात हात टाकले आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"आयोध्ये..." नागाबाई म्हणाली.

मग ती थांबली नाही. अयोध्या पायाळू जन्मली तिथून तिनं धरलं. पाटी फोडलेली, पहिल्यांदा केलेली जळकी भाकरी, लग्नात चप्पल हरवलेली, सासू नसल्यामुळे आईशीच भांडायची, ते सगळं. बायका एकेक करून जवळ सरकल्या. बाप्ये खाली माना घालून बसले. रामकिशन भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. बसलिंगप्पांनी हळूच जाऊन टीव्हीचा आवाज पार बंद केला.

त्या मुक्या टीव्हीत पुढं निकाल लागला. मुकुट वाघवालीला मिळाला. सत्यशीलाच्या खांद्यावर आणखी एक पट्टा चढला, 'मधुर आवाज' असं काहीतरी लिहिलेला. ती हसली, फुलं घेतली आणि मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. हे अंगणातल्या कुणीही बघितलं नाही.

जेवणं होईतो सत्यशीलाचा फोन आला. रामकिशननं तो सासूच्या कानाला लावला.

"आजी, मुकुट न्हाई भेटला."

"बरं."

"रागावलीस का? जित्या घरात हेल काढला म्हून?"

"झंपराच्या वळीला दम तुटला तुझा," नागाबाई म्हणाली. आवाज फाटलेल्या कापडासारखा येत होता.

"आजी, तुझा आवाज बसलाय?"

"हाव."

आता पलीकडून बराच वेळ नुसता रडण्याचा आवाज येत राहिला. हेल नव्हता, पोरी रडतात तसं साधं. नागाबाईनं ऐकून घेतलं. मग फळीवर पालथ्या ठेवलेल्या कुकरकडे बघत म्हणाली,

"येताना रिंग घेऊन ये. पाच लिटरची."