दोन पेट्यांमधले तेल

गुरुवार, सोळा ऑक्टोबर. सकाळचे सात वाजून पंचेचाळीस मिनिटे. गॅरेजच्या फाटकावर चार खिळ्यांनी ठोकलेली एक नवी पाटी होती : 'गिअरबॉक्सची कामे बंद आहेत.'

गिअरबाईंनी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा अक्षरासाठी. अक्षर त्यांच्या मुलाचे होते. बाईंचे वय त्रेसष्ट. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडल्यापासून गिअरबॉक्स सोडून दुसऱ्या कशाचे पोट त्यांनी फारसे उघडले नव्हते, आणि या गॅरेजात ते काम दुसरे कोणी मन लावून करीतही नव्हते. त्यामुळे पाटीवर नाव कामाचे असले, तरी ती कोणाला लावली आहे हे कळायला चष्म्याची गरज नव्हती.

"पाटी सरळ लागली आहे," आत येत त्या म्हणाल्या. "माझ्या पाठीमागे लावलीस, एवढंच वाकडं."

मुलगा टायरवर बसून चहा पीत होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण आईचा आवाज ऐकताच पेला खाली ठेवून उभा राहिला.

"आई, तुझा हात कापतो. मार्चमध्ये गिअरबॉक्सची पेटी जॅकवरून घसरली, तुझ्या पायापासून वीतभर अंतरावर आदळली. त्या दिवसापासून मला धड झोप नाही."

"दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला! झोप तुझी उडाली, तर गोळी मला का?"

काउंटरवर सूनबाई बसली होती. तिने फोनवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिले. "घ्या आता. मी म्हटलं होतं, पाटी लावण्याआधी हेल्मेट घाला."

वाद पुढे सरकण्याआधीच फाटकात एक गाडी गुरगुरत शिरली आणि अर्ध्यावर रेंगाळली. इंजिन जोरात ओरडत होते. गाडी मात्र गोगलगायीच्या चालीने पुढे येत होती. डोंगरावरच्या वस्त्यांत बाळंतपणे करणाऱ्या सिस्टरची ती चारही चाकांना ओढ असलेली गाडी. सिस्टर स्वतःच चालवीत असे, आणि चढाला, चिखलाला किंवा माणसाला घाबरत नसे.

"गिअरबाई, बघा हो हिला," ती उतरता उतरता म्हणाली. "आवाज मोठा आणि काम शून्य. घरातल्या जावयासारखी वागायला लागली आहे."

मुलाचा चेहरा उतरला. ही गाडी गेल्या महिन्यात त्यानेच दुरुस्त केली होती. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लहान पेटी असते. इंजिनाची ओढ पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. या दोन पेट्यांच्या जोडावर तेल गळत होते. त्याने तेल अडवणारे रबरी सील बदलले. आठवडाभरात पुन्हा गळू लागले. तेव्हा जोडाखालच्या ज्या बारीक भोकातून थेंब पडत होते, ते भोकच त्याने सिलिकॉनने बुजवून टाकले.

"पण गळती तर थांबली ना, सिस्टर?" त्याने विचारले. "खाली थेंब नाही पडत."

"थेंब नाही पडत. गाडीच पडली आहे."

त्याने डोके खाजवले. "म्हणजे गिअरबॉक्सच गेला. नवा मागवावा लागेल. दीड महिना धरा."

"दीड महिना? वरच्या वस्तीवर दोघींचे दिवस भरत आलेत. पोरं काय तुमच्या पार्सलची वाट बघत आत बसणार आहेत?"

गिअरबाई तोवर गाडीखालच्या खड्ड्यात उतरल्या होत्या. कोणाची परवानगी त्यांनी विचारली नाही. ट्रान्सफर केसच्या बाजूचा, पातळी तपासण्याचा बोल्ट त्यांनी सैल केला. तिथून तेल फार तर ओघळायला हवे होते. त्याची चिळकांडी उडाली आणि त्यांच्या बाहीवर आली. बाईंनी ते बोटावर घेऊन उजेडात धरले. या पेटीचे तेल मधासारखे पिवळे असते. हे लालसर होते.

"इकडे ये," त्यांनी मुलाला हाक मारली. "लाल तेल कोणत्या पेटीचं?"

"गिअरबॉक्सचं."

"मग इथे काय पाहुणं आलंय?"

बाईंनी सगळे तेल मापाच्या डब्यात काढले. ज्या पेटीत एक लिटर चारशे मावते, तिच्यातून दोन लिटर तीनशे निघाले.

"ते भोक कारखान्यातल्या कोणाच्या हातून चुकून पडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "दोन सीलांच्या मधल्या पोकळीला ठेवलेलं तोंड आहे ते. सील बिघडलं की तेल तिथून बाहेर येतं आणि आपल्याला कळतं. तू तोंडच दाबलंस. तेल मागच्या पेटीत शिरलं, पुढची उपाशी राहिली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का रे?"

मग त्यांनी गिअरबॉक्सचे तेल हुंगले. "जळका वास नाही. उपाशी आहे, मेलेली नाही. मी उघडते."

"आई, पाटी..."

"वाचली मी पाटी. शुद्धलेखन बरोबर आहे. जॅक आण."

मुलाने जॅक आणला नाही. तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि प्रथमच आवाज चढवून बोलला. "ठीक आहे. उघड. पण परत गळलं, तर पाटी कायमची राहील आणि तू खड्ड्यात उतरायचं नाहीस. शेजाऱ्याच्या गाडीसाठी नाही, कुणाच्याच नाही."

"आणि नाही गळलं तर?"

"तर काढीन पाटी."

"पाटी मी काढीन. तू खिळे सरळ करून डब्यात ठेवायचेस. आणि हाताचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही."

"पण गळलं नाही, हे ठरवायचं कसं? थेंब तर माझ्या वेळीही पडला नव्हता."

"हा प्रश्न चांगला विचारलास," बाई म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता. "मागच्या पेटीत एक लिटर चारशे मोजून भरायचं. सिस्टर गाडी वरच्या वस्तीपर्यंत नेऊन आणतील. मग तेल पुन्हा काढून मोजायचं. उघडलेल्या भोकातून थेंब पडला किंवा भरलं त्यापेक्षा चमचाभर जास्त निघालं तरी मी हरले. मात्र थंड झाल्यावर मोजायचं. गरम तेल फुगतं, आणि फुकटचं हरायची मला हौस नाही."

ट्रान्सफर केस उतरवताना त्यांनी ती जॅकला दोन पट्ट्यांनी आवळून बांधली. मार्चमध्ये एकच पट्टा होता. त्यातून शिकायचे ते त्या शिकल्या होत्या, आणि त्याची वाच्यता करण्याची त्यांना गरज वाटली नाही. मुलगा न बोलावता दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्याने भार धरला. पेटी खाली आली. जुने सील निघाले. मग बाईंनी गिअरबॉक्सच्या दांड्यावरून अंगठ्याचे नख फिरवले. एका जागी नख अडकले.

"तू फिरव."

त्याचेही नख तिथेच अडकले.

"वर्षानुवर्षं सीलचा ओठ एकाच जागी घासला, म्हणून खाच पडली. तू नवं सील आणलंस आणि त्याच खाचेवर बसवलंस. खड्ड्यात पडलेल्या माणसाला नवे कपडे घातले, एवढंच झालं. सील दोन मिलिमीटर अलीकडे बसलं की ओठ कोऱ्या जागेवर येईल."

"दोन मिलिमीटर अलीकडे, तेही वाकडं न होता, आणि तुझ्या हाताने?"

"माझ्याच हाताने."

सूनबाई आता काउंटर सोडून आली होती. सिस्टर स्टूल ओढून बसली होती. बाईंनी पाइपचा एक तुकडा घेतला, सीलच्या तोंडाएवढाच रुंद. त्याच्या बाहेरून एक पोलादी कडे सरकवले आणि मोजून घट्ट आवळले. सील ज्यात बसते त्या घराच्या काठाला हे कडे टेकले, की पुढे हातोडा कितीही जोरात बसो, कसाही बसो, सील तसूभर आत जाणार नव्हते. हात कापतो हे नाकारण्यात त्यांनी एक मिनिटही दवडले नव्हते. तो कापणार, हे धरूनच हत्यार जुळवले होते.

हातोडा उचलला तेव्हा हात कापलाच. सगळ्यांनी पाहिले.

"मी ठोकतो," मुलगा हळूच म्हणाला.

"तू धर."

त्याने पाइप धरला. पहिला ठोका त्याच्या बोटांच्या फार जवळून गेला. "आई!" तो ओरडला.

"बोटं आहेत ना अजून? मग धर."

पुढच्या काही ठोक्यांत कडे काठाला टेकले आणि आवाज बदलला. पोकळ होता तो भरीव झाला. बाईंनी आणखी एक ठोका मारला. गरज नव्हती, तरी मारला.

मागच्या पेटीचे सीलही त्यांनी बदलले. तारेने भोकातले सिलिकॉन उकरून काढले. पेट्या जोडल्या, दोन्हींत नवे तेल भरले. मागच्या पेटीत भरताना माप मुलाच्या हाती दिले.

"भोक उघडंच ठेवायचं?" सिस्टरने विचारले.

"उघडंच. चुकले असेन तर ते तुमच्यासमोर बोलेल. मला चालेल."

दुपारी सिस्टर गाडी घेऊन निघाली. मुलगा शेजारी बसला. आईवर त्याचा विश्वास नव्हता की सिस्टरच्या चालवण्यावर, हे त्याने सांगितले नाही. तीन तासांनी दोघे परतले. सिस्टरचा चेहरा खुलला होता. ती सूनबाईला म्हणाली, "चढावर अशी पळाली, की तुमच्या मालकांनी दोनदा डोळे मिटले."

"पळणं वेगळं, गळणं वेगळं," मुलगा म्हणाला. "मोजू."

गाडी थंड होईपर्यंत मुलाने दोनदा पेटीला हात लावून पाहिला. मोजण्यासाठी सूनबाईला पंच नेमले. नवऱ्याशी आणि सासूशी तिचे सारखेच वाकडे असल्याने निकालावर संशय घेता आला नसता. तेल डब्यात उतरले, मधासारखे पिवळे. शेवटची धार तुटली. गिअरबाई खड्ड्यातच उभ्या होत्या. वर यायला त्यांनी नकार दिला होता.

सूनबाईने डबा सपाट फरशीवर ठेवला, गुडघे टेकले आणि रेघेच्या पातळीवर डोळा आणला.

"नीट वाच," मुलगा म्हणाला.

"वाचते आहे. ओरडू नका."

भरलेले तेल एक लिटर चारशे मिलिलिटर. निघालेले, एक लिटर तीनशे नव्वद. उरलेले दहा पेटीच्या आतल्या अंगाला चिकटून राहिले होते, भोक कोरडे होते, आणि गिअरबाईंनी खड्ड्यातूनच खिळे उपटायला पक्कड मागितली.