क्लोरीन सोडाइड

आमच्याकडे दरवर्षी सोडियमचं लग्न लागतं. नवरा क्लोरीन. लावून देणारे आमचे सर, म्हणजे माझे यजमान. घराच्या पुढच्या खोलीत ते रसायनशास्त्राचा क्लास घेतात आणि आयनिक बंधाचा धडा आला की त्यांच्या अंगात येतं.

"सोडियमच्या शेवटच्या कवचात इलेक्ट्रॉन फक्त एक!" असं म्हणून ते मला आतून हाक मारतात. मी, म्हणजे सोडियमने, हात पुसत बाहेर यायचं आणि इलेक्ट्रॉन म्हणून एक पिवळा चेंडू त्यांच्या हातात द्यायचा. क्लोरीनकडे सात असतात, तरी आठव्यासाठी जीव चाललेला असतो. चेंडू मिळाला की सर छाती फुगवतात. "बघा! तिने दिला, मी घेतला. ती झाली धन, मी झालो ऋण. आता कायमचे बांधले गेलो!" मुलं टाळ्या वाजवतात. मी आत जाऊन राहिलेली भांडी घासते.

शिकले मीही रसायनशास्त्रच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी होती, ती क्लास सुरू झाला तेव्हा सोडली. पेपर मी तपासते, प्रयोग मी करून दाखवते, आणि लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी संयुगांना नावं कशी द्यायची तेही मीच शिकवते. सरांना नावांचा कंटाळा. एकच नाव त्यांना मनापासून आवडतं, ते दारावरच्या बोर्डवर असतं. त्यापुढे 'ख्यातनाम मार्गदर्शक व विज्ञानरत्न' असं लांबलचक शेपूट. हे रत्न त्यांना कोणी दिलं, ते मी विचारत नाही.

यंदा बोर्ड गंजला. नवा करायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, या वेळी माझंही नाव घाला."

सरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांची खुर्चीच मागितली. "अगं, जागा कुठाय? खाली फोन नंबर यायचाय."

"नंबर बारीक काढा."

"आणि गरज काय? सर म्हटलं की मॅडम आल्याच त्यात."

माझी कानशिलं तापली. इतकी वर्षं राबून मी फोन नंबरापेक्षाही बारीक! "माझ्या नावाला जागा नाही ना?" मी म्हटलं. "मग नावांचा धडाही तुम्हीच घ्या."

"घेईन की. त्यात कसलं आलंय डोंबल!"

आणि घेतला. मी आतून ऐकत होते. स्वारी अजून लग्नाच्याच मांडवात होती. "लग्नानंतर कोणाचं नाव आधी? नवऱ्याचं. नाव बदलतं कोणाचं? बायकोचं. तेच इथे, शेवटी 'आइड' लावून. संपला धडा!" उदाहरण मात्र दिलं नाही. एक जरी दिलं असतं तरी स्वतःच दचकले असते. मुलांची दया आली, पण मी तोंड उघडलं नाही. माझाही राग काही साधा नव्हता.

मग शाळेत चाचणी झाली. मिठाचं रासायनिक नाव विचारलं होतं. आमच्या क्लासच्या झाडून साऱ्या मुलांनी लिहिलं, 'क्लोरीन सोडाइड'. ज्यांना 'सोडियम क्लोराइड' हे बरोबर उत्तर आधीपासून पाठ होतं, त्यांनीही ते खोडून सरांचं लिहिलं. गुरुभक्ती म्हणतात ती हीच.

पेपर हातात पडले त्या संध्याकाळी पालक दारात हजर. एक आई तर दारातूनच सुरू झाली. "वर्गात हसं झालं पोरीचं! बाईंनी विचारलं, कोणत्या दिवट्याने शिकवलं हे? आम्ही क्लास बदलतोय."

सर घाम पुसत स्वयंपाकघरात आले. "अगं, उद्या तू घे ना तो धडा. सगळे निघालेत सोडून. उद्याचा धडा ऐकायला कसंबसं थांबवलंय त्यांना."

"घेते. पण बोर्ड मी शिकवेन त्याच नियमाने रंगवायचा."

"रंगव बाई, हवा तसा रंगव! आधी हे निस्तर."

नियम काय, एवढंही विचारलं नाही. गरजवंताला अक्कल नसते.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकांवर पालक, दाराशी सर, आणि बाहेर पेंटर नव्या बोर्डचा पांढरा रंग वाळण्याची वाट बघत उभा. मी खडू उचलला.

"सोडियम हा धातू. धातू देतो. देणाऱ्याचं नाव आधी, आणि जसंच्या तसं. दिलं म्हणून नाव जात नाही. घेणाऱ्याचं नाव नंतर. बदलतं ते त्याचं. शेपूट कापायचं आणि 'आइड' लावायचं. क्लोरीनचं क्लोराइड, ऑक्सिजनचं ऑक्साइड."

"आणि लोखंड, मॅडम?"

"लोखंड कधी दोन इलेक्ट्रॉन देतं, कधी तीन. म्हणून किती दिले तो आकडा नावातच घालायचा. दिलेलं विसरायचं नाही."

"मग लग्न कुठे गेलं?" मागून एक वडील.

"लग्न नाहीच हो ते. एक धन, एक ऋण, म्हणून ओढ. आणि मिठाच्या खड्यात जोडपी नसतात. एका सोडियमभोवती सहा क्लोराइड असतात."

सरांना ठसका लागला. कालची ती आई इतकी हसली की क्लास बदलायचं विसरली. जाताना म्हणाली, "इतके दिवस तुम्ही आत काय करत होता?" मी फळा पुसायला वळले.

तेवढ्यात पेंटरने डोकं आत घातलं. "सर, वर काय लिहू?"

सरांनी तोंड उघडलं. पण सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "देणाऱ्याचं आधी!"

मी पेंटरला नाव सांगितलं. माहेरचं, माझ्या पदवीवर आहे ते, जसंच्या तसं. त्याखाली सरांचं. त्यांचं शेपूट मात्र नियमाप्रमाणे कापलं. विज्ञानरत्न गेलं आणि फोन नंबरला ऐसपैस जागा झाली.

सासूबाई चष्मा लावून बाहेर आल्या. वरची ओळ त्यांनी दोनदा वाचली. "हे कुठलं आडनाव रे? कोण नवीन आलं आपल्याकडे?"

मी सांगणार होते. पण सरच बोलले, हातातल्या पिवळ्या चेंडूकडे बघत.

"नवीन नाही, आई. आधीपासूनच आहे. सोडियम."